दया कुणाची, सेवा कुणाची? शालेय नेतृत्वाचा आपला इतिहास

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव पहिली इंग्रजीच्या वर्गात दाखल झाले. रजिस्टरवरचा क्रमांक १९१४. महाराष्ट्र सरकारने २०१७ पासून हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळायचे ठरवले. त्या दिवशी शाळाशाळांतून निबंध होतात, भाषणे होतात, बाबासाहेब किती तास अभ्यास करत याचे आकडे सांगितले जातात. पण ज्या शाळेत हा मुलगा शिकत होता तिथे त्याच्याशी कोण कसे वागत होते, त्याच्या वर्गातली इतर मुले काय करत होती, यावर फारसे कुणी बोलत नाही.

हा प्रश्न आज विचारण्याचे कारण आहे. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शाळांमधून आता विद्यार्थी परिषद असते, मॉनिटर आणि हाऊस कॅप्टनचे बिल्ले असतात, दयाळूपणाचे आठवडे साजरे होतात, वस्तीत जाऊन वह्या-कपडे वाटण्याचे समाजसेवा उपक्रम होतात. नेतृत्व, दया आणि सेवा हे तीन संस्कार मुलांवर याच वयात व्हावेत असे सगळेच म्हणतात, आणि यात विरोध करण्यासारखे काही नाही. पण आपल्या समाजाचा या तिन्ही शब्दांशी जुना संबंध आहे आणि तो फारसा सुखाचा नाही. तो इतिहास बाजूला ठेवून हे संस्कार केले, तर ते उपकार करणारे आणि उपकार घेणारे असे मुलांचे दोन गट घडवतात. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे.

'सेवा' हा शब्द आपल्याकडे कसा आला

सवर्ण घरातल्या मुलासाठी सेवा म्हणजे स्वखुशीने केलेले चांगले काम. आपल्या पूर्वजांसाठी ती स्वखुशीची गोष्ट कधीच नव्हती. मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात शूद्राला एकच कर्म नेमून दिले आहे: वरच्या तीन वर्णांची सेवा, आणि तीही मनात असूया न ठेवता. म्हणजे राबायचे तर आहेच, शिवाय त्याबद्दल तक्रारही मनात आणायची नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला, तेव्हा सेवेची ही व्याख्याही त्याबरोबर जळाली, हे आपण लक्षात घेत नाही.

गावगाड्यात याच सेवेचे नाव होते महारकी. पाटलाचा सांगावा पोचवायचा, सरकारी अंमलदाराचे ओझे वाहायचे, मेलेले जनावर ओढायचे, गावात मयत झाली तर परगावी निरोप घेऊन धावायचे. बदल्यात वतनाचा तुकडा आणि बलुते, तेही गावाच्या मर्जीवर. ही सेवा एकट्या माणसाची नसे, घरातल्या सगळ्यांची असे. बाप आजारी असला की पोराला जावे लागे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या बेगारीतून माणसे सोडवण्यासाठी. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. म्हणजे आज ज्यांची नातवंडे सहावी-सातवीत आहेत, त्या आजोबांच्या लहानपणापर्यंत 'सेवा' हा जन्माने गळ्यात पडणारा धंदा होता.

शाळेनेही हा धंदा उंबऱ्याबाहेर ठेवला नाही. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या 'जूठन' या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी आत्मकथनात एक प्रसंग आहे. मुख्याध्यापक या मुलाला वर्गात बसू देत नाही, दिवसच्या दिवस शाळा आणि मैदान झाडायला लावतो, कारण झाडणे हा त्याच्या जातीचाच धंदा. शेवटी वडिलांच्या नजरेस पडते आणि ते मुलाच्या हातातला झाडू हिसकावून फेकून देतात. शाळेच्या दप्तरात या कामालाही श्रमदान म्हणता आले असते! म्हणून कुठल्याही शाळेत सेवेचा तास लावला जातो तेव्हा पहिला प्रश्न हा असला पाहिजे: झाडू कोणाच्या हातात आहे आणि हजेरीचे पुस्तक कोणाच्या?

डबे आणि भाकरी

आता दयेकडे येऊ. बाबासाहेबांच्या शालेय जीवनातले दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहावेत असे मला वाटते.

पहिला प्रसंग मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधला. शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. हा मुलगा फळ्यापर्यंत पोचण्याआधी वर्गातली मुले धावली आणि त्यांनी आपापले डबे हलवले. हा प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे. ती मुले काही राक्षस नव्हती. घरी आईला मदत करणारी, भिकाऱ्याला चिमूटभर धान्य घालणारी, गायीला घास देणारीच मुले असतील. दया त्यांनाही शिकवलेली होती. फक्त त्या दयेच्या कक्षेत शेजारच्या बाकावरचा मुलगा येत नव्हता.

'लहान मुलांमध्ये जात कशाला आणता?' असे जे विचारतात, त्यांच्यासाठी हे डबे हे उत्तर आहे. जात मुलांमध्ये आपण आणत नाही. ती डब्याबरोबर घरून येते. समाजशास्त्रात ज्याला सामाजिकीकरण म्हणतात ते हेच: कुणी धडा म्हणून शिकवत नाही, तरी सगळ्यांना पाठ असते.

दुसरा प्रसंग साताऱ्याचा. तिथे आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. मधल्या सुट्टीत घरी जेवायला दूर जाणाऱ्या या विद्यार्थ्याची त्यांना कणव येई, आणि ते आपल्या डब्यातली भाजीभाकरी त्याला देत. देत म्हणजे कशी? स्पर्श होऊ नये म्हणून वरून हातावर टाकत. पुढे कित्येक वर्षांनी बाबासाहेबांनी ही आठवण सांगितली तेव्हा त्यात कडवटपणा नव्हता. त्या प्रेमाच्या भाकरीची गोडी त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केली आणि त्या गुरुजींबद्दलचा आदरही अखेरपर्यंत जपला.

ही आठवण सोयीने अर्धीच सांगितली जाते. काही जण तिच्यावरून 'सगळे सवर्ण वाईट नव्हते' असा निष्कर्ष काढून थांबतात. आपल्यातले काही जण ती सांगायलाच तयार नसतात. मला ती पूर्ण सांगावीशी वाटते, कारण तिच्यात दयेची किंमतही आहे आणि मर्यादाही. भाकरी खरी होती, प्रेमही खरे होते, आणि हात व भाकरी यांच्यामधले वीतभर अंतरही खरे होते. चांगल्यातला चांगला माणूसही ते अंतर एकटा ओलांडू शकला नाही. त्याच साताऱ्यात या मुलाला तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. गुरुजींच्या दयेने नळाचा नियम बदलला नाही. तो बदलण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावे लागले. त्या दिवशी चवदार तळ्यावर त्यांनी पाणी प्याले ते स्वतःच्या ओंजळीने, आणि त्यांच्यामागे हजारो लोक प्याले. वरून हातावर पडलेली भाकरी आणि आपल्या ओंजळीने घेतलेले पाणी यांमधला फरक ज्या मुलाला कळला, त्याला दया आणि हक्क यांतला फरक वेगळा शिकवावा लागणार नाही.

चौदा वर्षांची एक विद्यार्थिनी

मग विद्यार्थी नेतृत्वाचे आपले उदाहरण कोणते? ते शोधायला फार लांब जावे लागत नाही. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली. पुढच्या काही वर्षांत मांग-महार मुलांसाठीही शाळा सुरू झाल्या. या शाळांतून शिकलेली मुक्ता साळवे ही मांग समाजातली, लहुजी वस्तादांच्या नात्यातली मुलगी. तीन वर्षांचे शिक्षण, वय चौदाच्या आसपास, म्हणजे आजच्या हिशेबाने आठवीतली विद्यार्थिनी. तिने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला.

या निबंधातले धर्माविषयीचे प्रश्न आपल्या भाषणांतून पुष्कळदा येतात. वेद ब्राह्मणांचे, तर मग आमचा ग्रंथ कोणता, आमचा धर्म कोणता, हे तिने विचारले. पेशवाईत मांग-महारांना इमारतींच्या पायात कसे पुरत, तालीमखान्यावरून जाणाऱ्याचे काय हाल होत, बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर कसे नसे, हे तिने लिहिले. सोवळे नेसून मिरवणाऱ्यांच्या मनात आमच्या दुःखाने तीळभर तरी दया येते का, असा सवालही केला. १८५५ मध्ये एक शाळकरी मुलगी 'दया' या शब्दाचीच उलटतपासणी घेत होती.

पण नेतृत्व म्हणून मला तिच्या निबंधातली वेगळी गोष्ट मोठी वाटते. महारही ब्राह्मणांचे पाहून मांगाला खालचे समजतात, त्याच्या सावलीचाही विटाळ मानतात, हे तिने स्पष्ट लिहिले आहे. ज्या समाजाने तिच्या समाजाला खाली लेखले, त्याच समाजाचे दुःख तिने आपल्या दुःखाबरोबर एकाच शीर्षकात घेतले. तक्रार लपवली नाही आणि साथही सोडली नाही. शेवटी तिने मांग आणि महार दोघांनाही उद्देशून सांगितले की या रोगावर ज्ञान हेच औषध आहे. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी पुढे शास्त्रशुद्ध मांडले. त्या उतरंडीच्या अगदी खालच्या पायरीवरून तिचे वर्णन करणारी ही मुलगी शाळेच्या बाकावर बसलेली होती.

आज आपल्या वस्त्यांमध्ये बौद्ध मंडळाचा कार्यक्रम वेगळा आणि मातंग मंडळाचा वेगळा. आरक्षणाच्या उपवर्गीकरणावर दोन्हीकडे आवाज चढतात. त्यात कोण किती बरोबर हा स्वतंत्र विषय आहे. पण मुक्ताला आपण आपली म्हणत असू, तर तिच्या निबंधातला तो आपल्याला टोचणारा परिच्छेदही वाचावा लागेल. नुसते धर्मचिकित्सेचे वाक्य उचलून भागणार नाही.

सोलापूरचे वसतिगृह

दुसरे उदाहरण सत्तर वर्षांनंतरचे आहे. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. वसतिगृहे, वाचनालये आणि समाजकेंद्रे काढणे हे तिचे जाहीर उद्देश. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापूरला अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. कपडे, वह्या-पुस्तके, जेवण यांचा खर्च सभा उचले. हायस्कूलात शिकणारी ही मुले. त्यांच्यासाठी कुणीतरी काहीतरी करत होते, म्हणजे रूढ भाषेत ती 'लाभार्थी' होती. पण ती लाभार्थी राहिली नाहीत. त्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक सुरू केले. चरित्रकार सांगतात की या वसतिगृहाने मुलांमध्ये समाजसेवेची, स्वावलंबनाची आणि जाणत्या नागरिकत्वाची ओढ निर्माण केली.

ज्यांच्या आजोबांना अक्षर शिवू देत नव्हते, ती मुले मासिक काढतात, ही सेवाच आहे. फरक एवढाच की ही सेवा आपल्याच माणसांची, आपल्या बुद्धीने आणि कुणाच्या हुकमाशिवाय केलेली होती. आंबेडकरी चळवळीत सेवेला हा नवा अर्थ मिळाला. समता सैनिक दलाचा सैनिक, विहारात पोरांना शिकवणारा दादा, भीमजयंतीचा हिशेब ठेवणारी ताई, हे सगळे त्याच परंपरेतले.

वादाचा खरा मुद्दा

दया आणि सेवा यांवरचा आपला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज मात्र मोठ्या माणसांच्या वादातला आहे. पुणे करारानंतर सप्टेंबर १९३२ अखेरीस अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. घनश्यामदास बिर्ला तिचे अध्यक्ष, ठक्करबाप्पा सरचिटणीस. हाच पुढचा हरिजन सेवक संघ. बाबासाहेबांना तिच्या मध्यवर्ती मंडळावर घेतले होते. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना, १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, त्यांनी बोटीवरून ठक्करबाप्पांना सविस्तर पत्र लिहिले.

त्या पत्रातला युक्तिवाद आजच्या प्रत्येक शाळेच्या सेवा उपक्रमाला लागू पडतो. ते म्हणतात, सेवेच्या मागे दोन दृष्टी असतात. एक मानते की माणूस मागे आहे तो त्याच्या वैयक्तिक दोषांमुळे. म्हणून त्याला व्यसनमुक्ती, व्यायामशाळा, वाचनालय, शाळा द्या, तो सुधारेल. दुसरी मानते की त्याला मागे ठेवणारी परिस्थितीच आहे. म्हणून आधी परिस्थिती बदला. संस्थेने दुसरी दृष्टी घ्यावी, पाणवठे, शाळा, रस्ते यांवरचे नागरी हक्क प्रत्यक्ष मिळवून द्यावेत, रोजगारात समान संधी मिळवून द्यावी, सवर्णांच्या घरांत आणि अस्पृश्यांच्या घरांत खरे येणे-जाणे सुरू करावे, असा त्यांचा आग्रह होता. आणि हे काम करणारे कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांमधूनच घ्यावेत, कारण आपलेपणाशिवाय सेवा होत नाही. या पत्राची साधी पोचही आली नाही. पुढे संस्थेच्या कारभारात अस्पृश्यांना जागाच नको, कारण हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, अशी भूमिका गांधीजींनी घेतली. बाबासाहेब संस्थेतून बाहेर पडले.

म्हणजे सेवा आमची, पण नेतृत्व तुमचे! ज्याची सेवा करायची त्याने फक्त हात पुढे करायचा. साताऱ्यातली ती भाकरी इथे संस्थेच्या पातळीवर आली. फक्त तिथली माया इथे नव्हती.

आजची वस्ती

मी ज्या वस्तीत काम करतो तिथे दरवर्षी एका खासगी शाळेची मुले वह्या आणि जुने कपडे वाटायला येतात. सातवीची मुले. वस्तीतली त्यांच्याच वयाची मुले ओळीत उभी राहतात, फोटो निघतात. एका वर्षी माझ्या अभ्यासिकेतली एक हुशार मुलगी त्या दिवशी दिसली नाही. घरी गेलो तर ती माळ्यावर बसलेली. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांमधून ती त्याच शाळेत, त्याच वर्गात शिकत होती. वाटायला आलेल्यांच्या रांगेत उभे राहायला तिला कुणी सांगितले नव्हते, आणि घ्यायच्या रांगेत तिला उभे राहायचे नव्हते. तिच्यासाठी तिसरी जागाच त्या उपक्रमात नव्हती.

त्या शाळेतल्या मुलांचा यात दोष नाही. त्यांनी मनापासून वह्या गोळा केल्या होत्या. दोष आखणीचा आहे. त्याच मुलीला आधी विचारले असते, 'आमच्या वर्गाने तुझ्या वस्तीसाठी काय करावे?' तर तिने वह्या सांगितल्या नसत्या. तिने सांगितले असते की नळाला दोन दिवसांआड पाणी येते, मुलींच्या शौचालयाला कडी नाही, महापालिकेला अर्ज कसा करायचा ते शोधूया. वर्गाने तो अर्ज तिच्या पुढाकाराने लिहिला असता, तर नागरिकशास्त्राचा धडा झाला असता, सेवाही झाली असती, आणि नेतृत्व कोणाचे हा प्रश्नही सुटला असता.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये करुणा आणि मैत्री यांचा विचार केला आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री त्याही पलीकडे सर्व प्राणिमात्रांपर्यंत. आणि करुणेबरोबर प्रज्ञा हवीच. शाळेच्या भाषेत सांगायचे तर, रडणाऱ्या मित्राचे डोळे पुसणे ही करुणा, तो का रडतो हे शोधणे ही प्रज्ञा. आपल्या शाळा पहिल्या गोष्टीला शाबासकी देतात आणि दुसरी करणाऱ्याला उद्धट म्हणतात.

म्हणून शिक्षकांकडे, पालकांकडे आणि विशेषतः शाळा व्यवस्थापन समित्यांवर असलेल्या आपल्या कार्यकर्त्यांकडे काही साध्या मागण्या आहेत. वर्ग आणि शौचालय यांच्या स्वच्छतेची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावा, आणि त्या पाळीत शिक्षकही असू द्या. मॉनिटरपद गुणांवर किंवा शिक्षकांच्या पसंतीवर न ठेवता फिरते ठेवा. सेवा उपक्रम ज्या वस्तीत न्यायचा तिथल्या मुलांना आखणीत आधी बसवा, आणि वाटपाचे फोटो बंद करा. पोषण आहार एका पंगतीत, मुलांनी आळीपाळीने वाढलेला असू द्या. आणि ७ नोव्हेंबरला भाषणांच्या जोडीने आठवीच्या वर्गात मुक्ता साळवेचा निबंध पूर्ण वाचला जाऊ द्या, त्यातला एकही परिच्छेद न गाळता. तो लिहिणारी त्यांच्याच वयाची होती, एवढे मुलांना सांगितले तरी पुढचे प्रश्न ती स्वतः विचारतील.